पॉइंट, स्कॅनर आणि उंदीर

माणमध्ये चारचाकीचा सगळ्यात मोठा वैरी खड्डा नाही, उंदीर आहे. मुळशीतली भातखाचरं बुजवून इमारती उठल्या, तसे खाचरांतले उंदीर पार्किंगमध्ये आले आणि पावसाळ्यात उबेला बोनेटखाली शिरू लागले. सकाळी सेल मारला की इंजिन सुरू होतं, पण समोर दोन-तीन पिवळे दिवे पेटलेले. वायरिंग कुरतडलेलं असतं. मग कुणी तंबाखूची पानं ठेवतो, कुणी डांबरगोळ्या टांगतो, कुणी खालून जाळी बसवून घेतो. उंदीर जुन्या जीपमध्येही शिरायचाच. पण तिथे त्याला दाताखाली सापडणार काय? मोजक्या वायरी. तुटलेली वायर सोलून, पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळली की काम भागायचं. आजच्या गाडीत वायरींची लांबी किलोमीटरमध्ये मोजतात, आणि उंदराने कुठली वायर खाल्ली हे शोधायला संगणक लागतो.

हा विषय माणमधूनच काढावा याला आणखी एक कारण आहे. बाहेरचा माणूस सरसकट ‘हिंजवडी’ म्हणतो, पण राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या तिसऱ्या टप्प्यातल्या पुष्कळ जमिनीचा सातबारा माणचा. गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या केपीआयटी टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ताही ‘माण, तालुका मुळशी’ असाच आहे. म्हणजे ज्या गुंतागुंतीने गावातला फिटर डोकं खाजवतो, तिचा काही भाग त्याच गावाच्या शिवारात तयार होतो.

गाड्या पूर्वीपेक्षा भरवशाच्या झाल्या की नाजूक? चहाच्या टपरीवर हा वाद काढा, दोन तट लगेच पडतील. वडीलधारे म्हणतील, ‘आमच्या फियाटला पाना आणि पक्कड एवढं पुरायचं.’ तरुण म्हणतील, ‘काका, तुमची फियाट पाना-पक्कड घेतल्याशिवाय गावाबाहेर जायची का?’ दोघांचंही खरं आहे, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत. एक बोलतो गाडी दुरुस्त होण्याबद्दल, दुसरा गाडी बंद पडण्याबद्दल. आपल्याकडच्या या वादाचा सगळा घोळ या दोन गोष्टी एक समजण्यात आहे.

फियाटपासून सुरुवात करू. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याला बांधलेली ही गाडी. १९६४ मध्ये ‘अकराशे डिलाइट’, १९७४ पासून ‘पद्मिनी’, आणि कारखान्यातून ती बाहेर पडायची थांबली ती थेट नव्या शतकाच्या उंबरठ्यावर. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसेक अश्वशक्ती, गिअरचा दांडा स्टीअरिंगजवळ. ती चालवणं म्हणजे तिच्याशी संसार करणं. थंडीत चोक ओढायचा, पण किती ओढायचा आणि कधी आत ढकलायचा हे ज्या त्या गाडीचं वेगळं. काही हजार किलोमीटरवर डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट काळे पडायचे. ते पॉलिश पेपरने घासायचे, फट फिलर गेजने मोजायची, गेज नसेल तर पोस्टकार्डाच्या जाडीवर भागवायचं. प्लग काढून काजळी खरवडायची. कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकला तर फुंकून साफ करायचा आणि तोंडातली पेट्रोलची चव दिवसभर बाळगायची.

उन्हाळ्यात खंडाळ्याचा घाट म्हणजे वार्षिक परीक्षा. एक्स्प्रेसवे होण्याआधी मे महिन्यात बोरघाटाच्या कडेला बोनेट उघडलेल्या गाड्यांची रांगच असायची. कुठे रेडिएटर उकळलेला, कुठे पेट्रोल पाइपातच वाफ होऊन अडलेलं. त्यावर उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं टाकून मुकाट बसणं. इंजिन लाखभर किलोमीटरच्या आत एकदा उतरवावं लागणार, रिंगा-पिस्टन होणार, हे गाडी घेतानाच गृहीत धरलेलं असायचं. त्याला कुणी बिघाड म्हणत नसे, ‘इंजिनचं काम निघालं’ म्हणत.

पण हीच पद्मिनी मुंबईत काळी-पिवळी म्हणून किती टिकली पाहा. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची कायदेशीर मुदत संपली म्हणून ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली. यंत्र थकलं म्हणून नव्हे, वय भरलं म्हणून. तिचा प्रत्येक भाग कुठल्या तरी गल्लीत मिळत होता किंवा लेथवर करून घेता येत होता.

आता जुन्या साधेपणाच्या भक्तांना अडचणीत आणणारी गाडी: मारुती ८००. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली गाडी ग्राहकाच्या हाती गेली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. सुरुवातीच्या ८०० मध्येही कार्बोरेटर होता आणि पॉइंटही होते. तत्त्व फियाटचंच, तरीही ती पहाटे एका सेलमध्ये सुरू व्हायची आणि घाटात उकळायची नाही. म्हणजे फियाट सतत कुरकुरायची ती साधी होती म्हणून नव्हे, आणि ८०० शहाण्यासारखी चालायची ती गुंतागुंतीची होती म्हणूनही नव्हे. फरक घडणीत होता. सुझुकीने भागांच्या मापातली चूक किती चालेल याचे निकष आणले आणि पुरवठादारांकडून ते पाळून घेतले. एक पिस्टन दुसऱ्यासारखाच हवा, हजारावाही तसाच हवा, ही शिस्त संरक्षित बाजारपेठेत लाडावलेल्या आपल्या मोटार उद्योगाला नवी होती. पुणे-पिंपरीच्या पट्ट्यातल्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांनी ती पुढच्या पंधरा-वीस वर्षांत अंगी बाणवली. मला विचाराल तर भारतीय गाडीच्या भरवशाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी उडी हीच, आणि तिच्यात एकही चिप नव्हती.

ही शिस्त का लागते हे साध्या गुणाकाराने कळतं. समजा, यंत्रातला प्रत्येक भाग वर्षभर नीट चालण्याची शक्यता ९९.९ टक्के आहे. ऐकायला उत्तम. असे शंभर भाग एकमेकांवर अवलंबून असतील, तर सगळं यंत्र वर्षभर विनातक्रार चालण्याची शक्यता ९० टक्क्यांवर येते. भाग हजार झाले की ३७ टक्के. अभियांत्रिकीत याला रॉबर्ट लुसर या जर्मन अभियंत्याच्या नावाने ओळखतात; अग्निबाण का फसतात याच्या शोधात हा हिशेब पुढे आला. भाग दसपट करून भरवसा तोच राखायचा, तर प्रत्येक भाग दसपट चांगला करावा लागतो. आजच्या गाडीत भाग आणि सांधे फियाटच्या कितीतरी पट आहेत, आणि तरीही ती फियाटपेक्षा कमी वेळा बंद पडते. यात प्रत्येक भाग किती सुधारला असेल याची कल्पना करा. जुन्या गाडीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा वहीत करून पाहावा.

पुण्याच्या परिसरातला स्वतःचा धडा इंडिकाचा. टेल्कोने पिंपरीत ट्रक बनवता बनवता सिएरा, इस्टेट, सुमो या वाटेने येत डिसेंबर १९९८ मध्ये ही गाडी बाजारात आणली. संपूर्ण मोटार इथेच आखून, इथेच बनवून विकायची हा टेल्कोचा पहिलाच प्रयत्न होता, आणि पहिल्या खेपेच्या गाड्यांबद्दल तक्रारींचा पाऊस पडला. कंपनीने चुका सुधारून २००१ मध्ये ‘व्ही-टू’ आणली आणि मग तिने मागे वळून पाहिलं नाही. हिंजवडीत कंपन्या येत होत्या तो हाच काळ. रात्रपाळीची माणसं ने-आण करणाऱ्या पांढऱ्या इंडिका आणि सुमो या रस्त्यांवर अहोरात्र पळत. डिझेल इंजिन, यांत्रिक पंप, संगणकाचं लुडबुडणं नाही. चालक झोपेल, इंजिन झोपणार नाही. माण, मारुंजी, वाकडच्या रस्त्यांवरची कितीतरी गॅरेजं या कॅबवर उभी राहिली. इंजिन कसं उतरवायचं हे तिथल्या पोरांनी पुस्तकात नाही, इंडिकात वाचलं.

तोवर दुसरं वळण आलं होतं, आणि ते आणलं धुराने. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये दिल्ली परिसरासाठी युरोपच्या धर्तीवरचे निकष लावले. २००० मध्ये देशभर शिसेविरहित पेट्रोल आणि पहिल्या टप्प्याचे निकष आले. मग भारत स्टेजच्या पायऱ्या. चौथी पायरी २०१० मध्ये पुण्यासह तेरा शहरांत, २०१७ मध्ये देशभर. पाचवी गाळून सहावी १ एप्रिल २०२० ला. हे निकष कार्बोरेटरच्या आवाक्यातले नव्हते. किती हवेला किती पेट्रोल हे क्षणाक्षणाला मोजायचं, तर सेन्सर हवेत, इंजेक्टर हवेत, आणि त्यांच्यावर नजर ठेवणारा संगणक हवा. कोपऱ्यावरच्या फिटरला हा घाला वाटला. प्रत्यक्षात गाडीच्या मालकावर याहून मोठे उपकार कुणी केले नसतील. पॉइंट गेले म्हणजे घासायचं काम गेलं. चोक गेला. मिश्रण नेमकं झालं तशी प्लगवरची काजळी आटली, तेलात पेट्रोल उतरेनासं झालं, बोअर झिजेना. हलणारे, घासणारे भाग जाऊन त्यांच्या जागी न हलणारे भाग आले, आणि न हलणारी वस्तू सहसा झिजत नाही. तेल बदलण्याचं अंतर दोन-तीन हजारांवरून दहा हजार किलोमीटरवर गेलं. इथे गुंतागुंत आणि भरवसा हातात हात घालून वाढले.

साधारण २००० ते २०१५ या पंधरा वर्षांतल्या पेट्रोल गाड्यांना मी सुवर्णकाळ म्हणेन. इंजिनवर संगणक, पण खिडकीच्या काचेवर नाही. इंधन इंजेक्शनचं, पण गिअर हाताने. एखादा सेन्सर गेला तरी गाडी लंगडत का होईना घरी पोचवते, आणि भाग शे-पाचशे ते दोन-चार हजारांत मिळतो. फिटरनेही तोवर साधा स्कॅनर विकत घेतला होता.

त्यानंतर गुंतागुंतीने दिशा बदलली. आधी ती इंजिन सुधारण्यासाठी येत होती. आता ती धूर आणखी कमी करायला, जीव वाचवायला, आणि निव्वळ मिरवायला अशा तीन कामांसाठी येऊ लागली. जीव वाचवण्याबद्दल माझी तक्रार नाही. २०१९ पासून चाकं न अडकू देणारे ब्रेक आणि चालकापुढची एअरबॅग सक्तीची झाली, मग शेजारच्या सीटचीही. पद्मिनीच्या आठवणी काढताना तिचा स्टीअरिंगचा दांडा अपघातात छातीत घुसायचा, हे विसरू नये. एअरबॅगचा सेन्सर कधी बिघडला तर बिघडू दे.

धुराची गोष्ट अवघड आहे, आणि तिचा फटका नेमका माणसारख्या ठिकाणी बसतो. बीएस-सहा डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. ती भरली की गाडी स्वतःच जादा डिझेल फवारून तिला सहाशे अंशांच्या आसपास तापवते आणि काजळी जाळते. यासाठी पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्या वेगाने गाडी चालायला हवी. आता हिंजवडीचा शिवाजी चौक ते माण हा रस्ता संध्याकाळी सहा वाजता डोळ्यांपुढे आणा. तिथे सलग चालतं ते फक्त घड्याळ. काजळी जळायला सुरुवात होते, गाडी थांबते, जाळणं अर्धवट राहतं, जादा फवारलेलं डिझेल सिलिंडरवरून ओघळून इंजिनच्या तेलात उतरतं. पुन्हा तेच. शेवटी दिवा लागतो आणि सर्व्हिस सेंटरवाला सांगतो, ‘साहेब, हायवेला फिरवून आणा.’ पूर्वी पुण्या-मुंबईची माणसं हवापालटासाठी लोणावळ्याला जात, आता त्यांची डिझेल गाडी जाते. यात बिघाड कुणाचाच नाही. यंत्र चोख आहे, फक्त ते युरोपातल्या मोकळ्या रस्त्याच्या हिशेबाने बेतलेलं आहे. छोट्या डिझेल गाडीला हा सरंजाम परवडेना, म्हणूनच मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारी बनवणंच सोडलं. कोरड्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सची गतही अशीच. रखडत्या वाहतुकीत तो तापतो. रोजचा प्रवास दहा किलोमीटरचा आणि तोही तासाभराचा असेल, तर डिझेलच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा हेतू, मिरवण्याचा. अमेरिकेतल्या जे. डी. पॉवर या संस्थेच्या २०२५ च्या पाहणीत तीन वर्षं वापरलेल्या दर १०० गाड्यांमागे २०२ तक्रारी निघाल्या, आणि त्यांत सगळ्यात मोठा वाटा पडद्याचा आणि फोन जोडण्याचा होता. इंजिन-गिअरचा नव्हे. गाण्यांचा आवाज कमी करायला तीन वेळा काच चोळावी लागणं ही आजच्या गाडीची तक्रार आहे. पद्मिनीच्या मालकाला ती सांगून पाहा.

विजेच्या गाड्यांबाबत तर दोन नामवंत संस्था परस्परविरोधी बोलताना दिसतात. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने २०२३ च्या पाहणीत सांगितलं की विजेच्या गाड्यांत पेट्रोल गाड्यांपेक्षा ७९ टक्के जास्त समस्या आढळतात, आणि संकरित म्हणजे हायब्रिड गाड्यांत मात्र २६ टक्के कमी. उलट जर्मनीतल्या एडीएसी या वाहनधारकांच्या संघटनेने २०२५ मध्ये आकडे दिले ते असे: दोन ते चार वर्षं वयाच्या दर हजार विजेच्या गाड्यांमागे ४.२ रस्त्यात अडल्या, तर पेट्रोल-डिझेलच्या १०.४. मग खरं कोण? दोघेही. अमेरिकन संस्थेने मालकाला विचारलं, ‘काय काय बिघडलं?’ जर्मन संघटनेने मोजलं, आमची मदतीची गाडी किती वेळा रस्त्यावर धाडावी लागली. टपरीवरचे काका आणि पुतण्याच पुन्हा, फक्त कोट-टाय घातलेले. त्याच एडीएसीच्या नोंदींत रस्त्यात अडण्याचं पहिलं कारण वर्षानुवर्षं एकच आहे, बारा व्होल्टची साधी बॅटरी. चाळीस टक्क्यांहून अधिक वेळा तीच. आणि हायब्रिडचा निकाल तर सगळ्या भाबड्या समजुतींना छेद देणारा: पेट्रोल इंजिन, मोटर, दोन बॅटऱ्या, म्हणजे सगळ्यात गुंतागुंतीची गाडी, आणि भरवशात सगळ्यांच्या पुढे. वीस-पंचवीस वर्षं एकच रचना घासूनपुसून सुधारत राहण्याचं हे फळ. नवेपणा हा गुंतागुंतीपेक्षा मोठा दोष आहे.

मग रडणं कशाबद्दल? गाडी तरुण असेपर्यंत कशाहीबद्दल नाही. पहिली सात-आठ वर्षं आजची गाडी आजवरच्या कुठल्याही गाडीपेक्षा भरवशाची आहे. प्रश्न त्यानंतरचा, आणि तो पहिल्या मालकाचा नाहीच. इन्फोटेक पार्कातल्या नोकरदाराने सहा वर्षांनी विकलेली गाडी पौड, घोटावडे, पिरंगुटच्या कुणाच्या तरी दारात येते. तिथून आणखी पाच वर्षांनी आणखी आत, ताम्हिणीच्या वाटेवर. जुन्या जीपचं आयुष्य या तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे बहरायचं. आजच्या गाडीचं नेमकं तिथे अडतं. पूर्वी हेडलाइटचा बल्ब बदलायचा, आता एलईडीचा अख्खा दिवा बदलतात. समोरची काच फुटली तर काचेमागचा कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. एक कंट्रोल युनिट गेलं तर नवं आणून भागत नाही, गाडीने त्याला ‘ओळखावं’ लागतं, आणि ती ओळख करून देणारं सॉफ्टवेअर कंपनीच्या कुलपात. पंधरा वर्षांच्या गाडीला तिच्या किमतीच्या निम्म्याचा पार्ट कोण घालणार? तिथे यंत्र मरत नाही, हिशेब मरतो.

हे कुलूप फोडायचा एक प्रयत्न आपल्याकडे झाला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड सुनावला. कारण नेमकं हेच: अस्सल सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधनं त्या बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नव्हत्या. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं, त्यात मोटारीही आहेत. पण कोपऱ्यावरच्या फिटरच्या हातातला स्कॅनर अजूनही बहुधा दोष वाचू शकतो, पुसू शकतो. नवा भाग गाडीशी जोडून देण्याची वेळ आली की तो गप्प होतो. विजेच्या गाडीत तर मालकांतला भेद हमीपत्रातच लिहिलेला असतो. चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या नव्या विजेच्या गाड्यांच्या बॅटरीची आजन्म हमी पहिल्या खासगी मालकाला आहे. गाडीने हात बदलला की ती ठरावीक वर्षं-किलोमीटरवर येते. वाईट करार नाही. पण दुसऱ्या मालकाने तो वाचलेला बरा.

म्हणून सेकंडहँड गाडी घ्यायला निघालेल्या मुळशीकराला माझं सांगणं असं. रंग आणि टायर नंतर बघा. आधी स्वतःच्या ओळखीच्या फिटरला घेऊन जा आणि गाडीला स्कॅनर लावायला सांगा. दोष कालच पुसले असतील तर तेही बहुतेक गाड्यांत कळतं. डिझेल असेल तर तेलाची कांडी काढून पातळी खुणेच्या वर गेलीय का पाहा. आणि २००८-१२ मधली, एका हाताखाली वापरलेली, हाताने गिअर टाकायची पेट्रोल गाडी कुणी विकत असेल, तर तिला ‘जुनी’ म्हणून नाकारू नका. तिची पंधरा वर्षं भरली असतील किंवा भरत आली असतील, पण महाराष्ट्रात तेवढ्याने ती भंगारात जात नाही. आरटीओत तपासणी करून, फेरनोंदणीचे पाच हजार रुपये आणि पर्यावरण कर भरला की तिला आणखी पाच वर्षं मिळतात.